फ्रीजच्या दारातला ग्लू

११ फेब्रुवारी

...तर तू बरोबर होतास आणि मी गाढव. मॉडेल विमानाच्या काचेला सुपरग्लू लावायचा नसतो. मी लावला. वर धूळ बसू नये म्हणून डब्यात झाकून ठेवलं. सकाळी डबा उघडला तर काच पूर्ण पांढरी, मोतीबिंदू झाल्यासारखी. तीन दिवस घालवून रंगवलेला पायलट आत बसलाय आणि बिचाऱ्याला बाहेरचं काहीच दिसत नाहीये! ग्लूची वाफ आतल्या आत कोंडते आणि काचेवर बसते, हे मला आत्ता कळलं. तू सांगणार होतास. "काचेला हा ग्लू कधी लावायचा नाही चिमट्या, का ते उद्या सांगतो," म्हणालास आणि झोपलास. तो उद्या काही आला नाही.

हाय दादा. मीच आहे.

पत्र फेकू नकोस, प्लीज. तुझा पत्ता मला माहीत नाही, शप्पथ. झालं असं, की मी सँडपेपर घ्यायला मॉडेलच्या दुकानात गेले तर दुकानवाले अंकल एक खोकं पॅक करत होते. आत जहाजाचा किट, पितळी पार्ट्सचे दोन सेट आणि पातळ ग्लूच्या तीन बाटल्या. मी म्हटलं, "अंकल, एका जहाजाला तीन बाटल्या लावणारा जगात एकच माणूस आहे." त्यांचा चेहरा बघायला हवा होतास! "मी कुणाचं नाव घेतलं नाही हां," म्हणाले. मी म्हटलं, मीपण नाही घेतलं. मग पंधरा मिनिटं आम्ही दोघं नाव न घेता तुझ्याबद्दल बोललो. पत्ता द्यायला तयार नाहीत. खोक्यात पत्र टाकायला तयार आहेत. "वाचायचं की नाही ते तो ठरवेल," म्हणाले. फेअर आहे.

मराठीत लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये सुरू केलं की शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं वाटायला लागतं. आपण तसं कधी बोललोय का?

मेन न्यूज. तुझं अर्धवट जहाज माझ्याकडे आहे. चार वर्षं माझ्या पलंगाखाली बुटांच्या खोक्यात होतं, आता मी ते पूर्ण करतेय. डेकच्या कडेची पितळी रेलिंग लावायला घेतलीयेत. प्लास्टिकचा ग्लू पितळेला धरत नाही, मग सुपरग्लूच. फॉइलवर एक थेंब काढायचा, त्यात सुईचं टोक बुडवायचं, श्वास धरायचा आणि टच करायचं. तू शिकवलंस तसंच. बोटं चिकटली की हासडायच्या शिव्यापण तुझ्याच.

आता मी एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजमध्ये फर्स्ट इयर. तरीपण चिमटाच. बारीक पार्ट धरायला माझी बोटं अजून चालतात.

घरी सगळं ठीक. पप्पांना लिफ्ट कंपनीने अजून दोन बिल्डिंगा दिल्यात, त्यामुळे दमतात. आईच्या ओठाला थोडं लागलंय. कपाटाचं दार लागलं.

कपाटाला दार नाहीये हे तुला माहीतच आहे म्हणा. तूच तिथे होतास ना ते तुटलं तेव्हा.

बरं, एवढंच. काच स्वच्छ करायची काही ट्रिक असेल तर सांग.

चिमटा

२६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही, पण अंकल म्हणाले की खोकं परतपण आलं नाही. त्याला मी उत्तर धरलंय.

बावन्न रेलिंग झाली होती! बावन्न. अकरा राहिली होती. "होती" लिहितेय कारण जहाज आता नाहीये. सांगते. नीट सांगते, विनोद करत नाही.

सोमवारी कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये एक म्हातारे दोन तास लिफ्टमध्ये अडकले. पप्पांनी त्यांना बाहेर काढलं. कसे काढतात तुला माहितीये, दाराच्या फटीतून हळू आवाजात बोलत राहतात, "घाबरू नका, मी आलोय, मी आहे." बाहेर आल्यावर ते म्हातारे त्यांना हात जोडत होते म्हणे. आणि मग कंपनीचा साहेब आला आणि त्याने सगळ्यांसमोर पप्पांना झापलं. सर्व्हिसिंग वेळेवर केलं नाही म्हणून. ते घरी आले तेव्हा मी डायनिंग टेबलवर होते. माझ्या खोलीतला बल्ब गेलाय म्हणून तिथे बसले होते. ही माझी चूक.

ते शांत होते. खुर्ची ओढून बसले. "किती दिवस लागले याला?"

मी म्हटलं, "चार महिने."

"आणि मोडायला किती लागतील?"

त्यांनी माझा उजवा हात धरला, उताणा केला, बघितला, मग पालथा करून जहाजावर ठेवला. वर स्वतःचा हात ठेवला आणि उभे राहिले. दादा, ते दाबत नव्हते. नुसते टेकून उभे होते, टेबलाला टेकावं तसे. नव्वद किलो. सुपरग्लूचे जोड वरून दाबलं तर टिकतात, आडवा झटका बसला की जातात. म्हणून त्यांनी मग हात गोल फिरवला. बाटलीचं झाकण फिरवतात तसा. सगळे जोड एकदम गेले, मी प्रत्येकाचा आवाज ऐकला. डोलकाठी अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधल्या मऊ भागातून आत गेली आणि मागून थोडी बाहेर आली. रेलिंग तळव्यात. बारीक बारीक, काटे काढावेत तशी मी ती नंतर काढली, आपल्याच चिमट्याने. एकोणतीस मिळाली. बाकीची कदाचित अजून आत असतील.

आई आली. तिने मागून त्यांचा शर्ट ओढला. त्यांनी न बघता कोपर मागे मारलं. मुद्दाम नसेल मारलं. असेल पण. भुवई फाटली, हाड दिसत होतं, मी पहिल्यांदाच हाड बघितलं.

मग जेवून झोपले ते.

आईला दवाखान्यात यायचं नव्हतं. तेव्हा मी तिची भुवई आपल्या ग्लूने चिकटवली. हसू नकोस. कडा जवळ धरल्या, वरून बारीक रेघ ओढली. "आग होतेय गं," म्हणाली, पण बसून राहिली, हलली नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी बघितलं आणि मला जिन्यातच धुतलं.

"डोळा दोन बोटांवर आहे! अक्कल आहे का?"

मी म्हटलं, "हॉस्पिटलमध्येपण लावतात ना असा?"

"आमचा वेगळा असतो. आणि आम्ही शिकलेलो असतो. कशाने लागलं हे?"

"बेसिनचा कोपरा," मी म्हटलं.

एका सेकंदात. विचारपण नाही केला. आणि जिन्यात उभ्याउभ्या मला ती सायकल आठवली.

त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता लिहूनच टाकते. पप्पांनी तुझं मनगट टेबलाच्या कडेवर ठेवून गुडघ्याने मोडलं, तेव्हा मी समोर होते. काड्या मोडल्यासारखा आवाज नव्हता तो, ओल्या फांदीसारखा होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तुझ्याशी बोलले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बघितलंस काय झालं ते?" तू माझ्याकडे बघत होतास. पप्पा माझ्या मागे होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर, अगदी हलका. मी म्हटलं, "सायकलवरून पडला."

आपल्याकडे सायकलच नव्हती.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तू गेलास. माझ्याशी एक शब्द न बोलता. मी पंधरा वर्षांची होते, पण ते कारण मी सांगणार नाही. तू पंधराचा असताना कुणी विचारलं तेव्हा खोटं बोलला नव्हतास.

चिमटा

१० मार्च

दादा,

अंकलनी आज एक पाकीट दिलं. आत पितळी रेलिंगचा नवा सेट, आपल्याच जहाजाचा. चिठ्ठी नाही, काही नाही. "कुणी पाठवलं?" म्हटलं तर म्हणाले, "मी नाव घेत नाही." मी दुकानातच रडले. एक गिऱ्हाईक घाबरून बाहेर गेलं.

थँक यू.

पण जहाज आता लगेच होणार नाही. रविवारी दुपारी घरी अॅक्सिडेंट झाला. पप्पा हॉस्पिटलमध्ये आहेत. शेल्फवरून ग्लूची मोठी बाटली त्यांच्या अंगावर पडली आणि फुटली. पाठ भाजलीये, दोन-तीन तळव्यांएवढी. बनियन कातडीला चिकटलं, ते तुकडे तुकडे कापून काढलं. त्यांनी हात मागे नेला, तो चिकटला, मग सोडवला, मग तोच हात डोळ्याला लागला. डावा डोळा दोन दिवस बंद होता. पापण्यांचे केस कापले. डोळा वाचलाय.

आईच्या दोन बरगड्यांना चीर आहे. घसरली ती, त्याच गडबडीत.

पोलिसांनीपण विचारलं. मी सांगितलं जे झालं ते. पप्पांनीपण तेच सांगितलं. सगळ्यांचं सेमच आहे, त्यामुळे टेन्शन नाही.

अंकल आता पत्र किटशिवाय, नुसतं कुरिअरने पाठवणार आहेत. स्वतःहून म्हणाले.

चिमटा

१३ मार्च

तुझ्या लक्षात आलंच असणार.

ग्लू शेल्फवर कधीपासून राहायला लागला आपल्याकडे? उघडी बाटली फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात, नाहीतर महिन्याभरात घट्ट होते. तूच तिथे चिकटपट्टी लावून लिहिलं होतंस, "खायचं नाही". ती पट्टी अजून आहे. मागचं पत्र लिहिताना मला माहीत होतं की तू त्या वाक्यावर थांबशील. तरी लिहिलं. बघितलं मी, तुझ्याशीपण जमतं का ते. जमलं. घाण वाटतंय.

आता खरं.

रविवारी दुपारी जेवताना आई म्हणाली, "पोरीच्या हाताला पू झालाय, डॉक्टरकडे नेते." एवढंच. त्यांनी ताट सरकवलं. "काय सांगणार डॉक्टरला?" आई म्हणाली, "काही नाही हो, लागलंय म्हणेन." "काय लागलंय म्हणशील?" आईने घास खाली ठेवला. "सांग की. मी डॉक्टर. बोला बाई, काय झालं पोरीला?" आणि तिला उठवलं, केसांना धरून, आणि स्वयंपाकघरात नेलं. "बोला ना बाई." प्रत्येक वेळी "बोला ना बाई", आणि तिचं डोकं फ्रीजवर. दाराला पोचा आलाय. वरचं ते पातेलं खाली पडलं. मग ती खाली बसली तर त्याने लाथ मारली, बरगडीत, दोनदा, मोजून, मध्ये श्वास घेऊन. मग परत उभी केली आणि कोपराच्या बेचक्यात तिचा गळा घेतला.

मी ओरडत होते. मी त्याच्या हाताला चावले. त्याने मला पायाने ढकललं आणि मी फ्रीजला जाऊन आपटले. फ्रीजचं दार उघडलं.

बाटली समोर होती. पन्नास ग्रॅमची, पातळवाली, अर्ध्याहून जास्त भरलेली.

आता हे फक्त तुला. बाजूला ओट्यावर तवा होता. लाटणं होतं. सुरी होती. माझा फोन खिशात होता. मी बाटली घेतली. आणि त्याच्या पाठीकडे बघून माझ्या डोक्यात एकच शब्द आला. कॉटन.

तुला आठवतंय ना? मी नऊ वर्षांची होते, तू मला बाथरूममध्ये नेलंस, "जादू बघ" म्हणून. कान साफ करायच्या काडीच्या कापसावर ग्लूचे चार थेंब टाकलेस. दोन सेकंद काही नाही. मग धूर. मग तू काडी फेकलीस आणि बोट तोंडात घालून नाचायला लागलास. म्हणालास, सुती कापड आणि पातळ ग्लू एकत्र आले की भट्टी होते. त्या दिवसापासून ग्लूचं काम करताना मला तुझी ती निळी जर्सी घालायची सक्ती. नायलॉनची. उन्हाळ्यात घामाने मरायचे मी. अजून तीच घालते.

तो घरी असला की बनियनवरच असतो. सुती बनियन.

नोझल काढून टाकलं, दातांनी. पाठीवर ओतलं, मानेच्या खालपासून. एक, दोन, मी मोजत होते. तिसऱ्याला धूर आला. तो असा ओरडला की मला वाटलं दुसरंच कुणी घरात आलंय. आईला सोडलं त्याने. ती खाली पडली आणि खोकत खोकत सरकत दाराकडे गेली. ती सुटली होती, दादा. तो गुडघ्यावर बसला होता, हात मागे नेत होता, हात चिकटत होता.

मी ओतायची थांबले नाही. बाटली संपेपर्यंत ओतलं. मग उलटी करून झटकली.

वास अजून जात नाहीये. मांस आणि ग्लू. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्यात.

मग मीच पाण्याने धुतलं, मीच अॅम्ब्युलन्स बोलावली, मीच डोळ्यावर ओलं फडकं ठेवलं. आणि अॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, "कसं झालं?" आणि मी म्हटलं, "शेल्फवरून बाटली पडली." आई माझ्याकडे बघत होती, तू बघितलं होतंस तशी. पण मग तिने मान हलवली. हो म्हणून.

काल मी हॉस्पिटलमध्ये गेले. पालथे झोपलेत, तोंड एका बाजूला, एका डोळ्यावर पट्टी. नर्स होती तोवर काही नाही. ती गेल्यावर म्हणाले, "जवळ ये." गेले.

"मीपण शेल्फच सांगितलंय," म्हणाले. "तू शेल्फ, मी शेल्फ."

मी चादर नीट केली.

"घाबरू नको." दादा, तोच आवाज, लिफ्टच्या फटीतून बोलतात तो. "पुढच्या शुक्रवारी सोडतायत. मी येतोय घरी. मग बसू आपण दोघं. घाई नाही."

मी बाहेर जिन्यापर्यंत गेले. मग परत आत जाऊन विचारलं, पाणी हवंय का. का विचारलं माहीत नाही.

चिमटा

१७ मार्च

दादा, हे पटकन वाच. अंकल स्वतः कुरिअरच्या ऑफिसात जाणार आहेत, उद्या दुपारपर्यंत तुला मिळेल म्हणाले.

काल ती पोलिसबाई घरी आली. आधी दोनदा बोलली होती माझ्याशी, या वेळी म्हणे "नुसतं जागा बघायला". पन्नाशीची असेल, गुडघे दुखतात, जिना चढून आली तर पहिलं वाक्य, "तुझ्या बापाला सांग आधी स्वतःच्या बिल्डिंगला लिफ्ट लाव." मला हसू आलं. मग पाणी मागितलं. मी फ्रीज उघडला, आणि ती माझ्या मागेच उभी होती.

"हे काय गं? औषधं?"

"ग्लू," मी म्हटलं. सवयीने, अगदी उत्साहात! "थंड ठेवला की जास्त टिकतो. हा पातळ, हा घट्ट, हा मधला."

"अच्छा." पाणी प्यायली. ग्लास ठेवला. "बाकी सगळ्या इथे राहतात. मग तीच एक शेल्फवर काय करत होती?"

मी तोंड उघडलं. काहीतरी आलं असतं नक्की. मला येतं ना पटकन, सायकल, बेसिन, शेल्फ. तिने फ्रीजच्या दारावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आणि हे कशाचं? तुझ्या आईच्या डोक्याएवढं आहे."

आई खोलीतून बाहेर आली. भिंत धरून. म्हणाली, "बाई, बसा. मी सांगते."

आणि आईनेच सांगितलं, दादा. आपल्या आईने. चोवीस वर्षांचं. मी नव्हते तेव्हाचंपण. मधेच थांबून "चहा टाकू का" विचारलं आणि परत सुरू. तुझं मनगट. माझा हात. मला माहीत नव्हत्या अशा दोन गोष्टी, त्या ती तुला स्वतः सांगेल. पोलिसबाईने दोन तास लिहिलं, पेन संपलं, माझं दिलं.

मग मला विचारायला लागली. मी रविवारचं सांगितलं. फ्रीज उघडला, बाटली घेतली, ओतली. ती लिहीत होती. मग थांबली.

"तुझ्या भावाचा हॉस्पिटलचा कागद मी काढलाय," म्हणाली. "त्यावर सायकल आहे. साक्षीला बहीण. म्हणजे तू."

"हो."

"खोटं होतं."

"हो."

"शेल्फपण खोटं."

"हो."

"मग कोर्टात त्याचा वकील उभा राहून म्हणेल, ही पोरगी तर दर वेळी खोटंच बोलते, आता खरं कशावरून? काय उत्तर देशील?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मलापण नाही." तिने कागद माझ्याकडे फिरवला. एक ओळ रिकामी सोडली होती. "इथे एकच गोष्ट राहिलीये. बाटली घेतलीस तेव्हा, कापडावर तो टाकला की भाजतं, हे तुला माहीत होतं का?"

मी आईकडे बघितलं नाही.

"आत्ता नको बोलू," पोलिसबाई म्हणाली. "गुरुवारी सकाळी ठाण्यात ये सहीला. माहीत नव्हतं लिहिलंस तर झटापट होती, हाताला लागलं ते फेकलंस. घरी जाशील. तो शुक्रवारी इथे येऊ नये ते मी बघते. माहीत होतं लिहिलंस तर तुझ्यावरपण केस. सोपी नसेल. कॉलेज-बिलेज सगळं. आणि तुझी आई एकटी." मग उठताना गुडघ्याला हात लावून, "आणि 'नव्हतं' लिहून पुढे कुणी 'होतं' असं सिद्ध केलं, तर हे बाकीचं सगळं," तिने आईची दहा पानं उचलून दाखवली, "हेपण खोट्यात जाईल. समजलं ना? एका ओळीसाठी."

कोण सिद्ध करणार? ते कापसाचं बाथरूममध्ये तू आणि मीच होतो. आई म्हणते, "नव्हतं लिही. तुझा भाऊ कशाला सांगायला येतोय कुणाला?" रात्रभर एकच चालू आहे तिचं. "एक शब्द आहे बाळा. एवढं खोटं बोललीस, अजून एक." मग स्वतःच रडते.

पण मला माहीत होतं, दादा. ते लिहिलं तर पुढचंपण लिहावं लागेल, की आई सुटल्यावरही मी थांबले नव्हते. आणि नाही लिहिलं तर ती दहा पानं माझ्या एका शब्दावर उभी. आईने पहिल्यांदाच तोंड उघडलंय. माझ्यामुळे ते खोटं ठरलं तर ती परत कधी उघडणार नाही. आणि लिहिलं आणि मला आत टाकलं, तर ती रोज दाराला आतून खुर्ची लावून बसेल. एवढंच होईल की अजून वाईट, ते मला कळत नाहीये. मला सगळ्या बाजूंनी तोच दिसतो, पालथा झोपलेला, एका डोळ्याने बघणारा.

तू ये असं म्हणत नाहीये. फोन करायचा असेल तर अंकलच्या दुकानात कर, दिवसभर मी तिथेच आहे, काउंटरच्या मागे. तुला मी एकदा विचारलं नव्हतं. डॉक्टरने विचारलं आणि मीच उत्तर देऊन टाकलं, तुझ्या हाताचं. म्हणून आता आधी विचारतेय. तुला माझ्यावर राग आहे तो असू दे, त्याच्यासकट सांग. गुरुवारी सकाळी त्या रिकाम्या ओळीत मी काय लिहू, माहीत होतं की नव्हतं?